गायरानानं पोसलेली काळी

पोस्ट लांब आहे. विषय आपल्या पायाखालचा आहे, म्हणून सवडीनं वाचा.

२०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरात मराठवाड्यात जो पाऊस झाला, त्यानंतर पंचनाम्यांत एक शब्द पुन्हा पुन्हा आला: 'खरडून गेलेली जमीन'. शेजारच्या मुखेड तालुक्यातली गावं पाण्यात गेलेली आपण पाहिली. नदीकाठची, ओढ्याकाठची शेतं अशी धुऊन निघाली की खालचा मुरूम उघडा पडला. सरकारनं खरडलेल्या जमिनीसाठी वेगळी मदत जाहीर केली. बातम्या देताना हा शब्द मीही कितीतरी वेळा लिहिला. लिहिताना एक प्रश्न मात्र डोक्यातून जाईना. पंचनाम्यात क्षेत्र लिहितात, पीक लिहितात, नुकसानीची टक्केवारी लिहितात. खरडून नेमकं काय गेलं, ते कुठं लिहितात?

शेतकऱ्याला विचारलं तर तो म्हणतो, "वरची माती गेली." आणि ट्रॉल्या लावून माती आणून टाकली, तरी पहिली एक-दोन वर्षं ती जमीन पहिल्यासारखी साथ देत नाही, हेही तोच सांगतो. माती तर आली, मग राहिलं काय? राहिला तो मातीतला जीव. आणि हा जीव आपल्या काळीत शेकडो वर्षं कुणी टिकवला, हे शोधायला गेलं की आपण गावाबाहेरच्या त्या जागेवर जाऊन पोचतो, जिला आपण आज 'पडीक' म्हणतो. म्हणजे गायरान. आजची पोस्ट त्या गायरानाच्या इतिहासाची आहे.

आधी मातीचं बघू. आपली काळी माती दख्खनच्या काळ्या पाषाणापासून, म्हणजे बेसॉल्टपासून तयार झाली. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, पावसात फुगते, पाय रुततो. पाणी धरून ठेवायला हिच्यासारखी माती नाही. पण पोटात चुना जास्त, आणि नत्र व सेंद्रिय कर्ब कमी. स्फुरद असतो, पण चुन्यानं धरून ठेवलेला. म्हणजे तिजोरी आहे, किल्ली दुसऱ्याकडं आहे.

ती किल्ली सूक्ष्मजीवांकडं असते. चमचाभर सुपीक मातीत कोट्यवधी जिवाणू असतात, शिवाय बुरश्या, आदिजीव, सूत्रकृमी. यातला बहुतेक सगळा व्यवहार वरच्या वीतभर थरात चालतो. मातीतलं नव्वद-पंच्याण्णव टक्के नत्र हे काडीकचरा, मेलेली मुळं, शेण आणि खुद्द मेलेले जिवाणू यांत अडकलेलं असतं. पिकाला ते तसंच्या तसं घेता येत नाही. जिवाणू ते कुजवतात, फोडतात, अमोनिया करतात. दुसऱ्या जातीचे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात. मग मूळ ते पिऊन घेतं. स्फुरदाचंही तसंच. काही जिवाणू आणि बुरश्या आम्लं सोडतात आणि चुन्यात अडकलेला स्फुरद मोकळा करतात. आपण म्हणतो शेणखत पिकाला घातलं. खरं तर ते या मंडळींना घातलेलं असतं. पीक त्यांच्या पंक्तीला नंतर बसतं.

मृगाचा पहिला पाऊस पडला की जो वास येतो, तो यांचाच पुरावा. त्या वासात मोठा वाटा आहे जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा, आणि ते तयार करतात मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जातीचे जिवाणू. जिओस्मिन हे नाव १९६५ साली पडलं. त्याच्या वर्षभर आधी ऑस्ट्रेलियातल्या दोन शास्त्रज्ञांनी या वासावर लेख लिहिला, तेव्हा त्यांनी उत्तर प्रदेशातल्या अत्तराच्या धंद्याचा दाखला दिला होता. तिथले अत्तरवाले हा वास पिढ्यान्‌पिढ्या बाटलीत भरून विकत होते. याच जिवाणूंच्या कुळातून १९४३ मध्ये स्ट्रेप्टोमायसिन मिळालं आणि क्षयाच्या रोग्यांना जीवदान मिळालं. ज्या प्रयोगशाळेत हे घडलं तिचे प्रमुख सेलमन वॅक्समन हे मुळात मातीतल्या जिवाणूंचे अभ्यासक होते. त्यांना १९५२ चं नोबेल मिळालं. म्हणजे माणसाचा दवाखानासुद्धा मातीचं देणं लागतो.

आता आपल्या शेतकऱ्याचं एक जुनं शहाणपण बघा. कापसासाठी आपल्याकडं धूळपेरणी करायचे. पाऊस यायच्या आधीच कोरड्या धुळीत बी टाकून ठेवायचं. यात जोखीम असायची. पाऊस लांबला की बी वाया. तरी लोक ती का घ्यायचे? १९५८ च्या सुमारास पूर्व आफ्रिकेतल्या केनियात एच. एफ. बर्च नावाच्या शास्त्रज्ञानं मोजून दाखवलं, की महिनोन्‌महिने वाळलेली माती पहिल्यांदा भिजते तेव्हा जिवाणू एकदम जागे होतात आणि थोड्या दिवसांत भरपूर नत्र मोकळं करतात. जगात याला 'बर्च परिणाम' म्हणतात. आपल्याकडंही सात-आठ महिने कोरडे आणि मग मृग. त्या पहिल्या नत्राच्या वेळी ज्याचं बी जमिनीत आहे, त्याचं पीक पुढं जातं. बाकीच्यांचं नत्र पावसाबरोबर खाली वाहून जातं. बर्चचं नाव आपल्या आज्यांनी ऐकलं नव्हतं. पण मृग साधला तर पीक साधतं, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं.

मूळ प्रश्न मात्र वेगळाच आहे. मन्याड, मांजरा आणि गोदावरीच्या या पट्ट्यात शेती काही आजची नाही. कंधारला राष्ट्रकूटांच्या काळापासून किल्ला आहे. किल्ला म्हणजे फौज, फौज म्हणजे धान्य, धान्य म्हणजे शेती. हजार वर्षांहून जास्त काळ या काळीतून दरसाल ज्वारी, तूर, कापूस निघून गेला. प्रत्येक कणसाबरोबर नत्र, स्फुरद, पालाश, गंधक शेताबाहेर गेलं. युरियाची गोणी तेव्हा नव्हती. मग जमीन खंक कशी झाली नाही?

जुन्या शेतीत भरपाईच्या चार वाटा होत्या.

पहिली वाट बेवडाची. मूग-उडदाच्या बेवडावर ज्वारी चांगली येते, हे लहान पोराला ठाऊक असायचं. ज्वारीत तुरीच्या ओळी टाकायचे. डाळवर्गीय पिकाच्या मुळांवर गाठी असतात, त्यांत राहणारे जिवाणू हवेतलं नत्र धरतात, हे जर्मनीत हेलरिगेल आणि विलफार्थ यांनी १८८६ ते १८८८ च्या दरम्यान सिद्ध केलं. हिंदुस्थानात पुसा इथं एन. व्ही. जोशी यांनी १९२० मध्ये या गाठींतल्या जिवाणूंवर काम केलं. आज बियाण्याला आपण जे रायझोबियम चोळतो, त्याची आपल्या देशातली सुरुवात ही अशी.

दुसरी वाट मेंढरांची. सुगी झाली की धनगरांचे कळप शेतात बसवायचे. रात्रभर मेंढ्या बसल्या की लेंडी आणि मूत जागेवरच. बदल्यात धनगराला धान्य. दिवसभर माळावर चरलेलं रात्री काळीत पडायचं.

तिसरी वाट पांढरीची. आपण गावाच्या जमिनीला 'काळी' आणि वस्तीच्या जागेला 'पांढरी' म्हणतो. जुन्या वस्तीची पांढरी माती शेतात नेऊन टाकायची पद्धत महाराष्ट्रभर होती. कित्येक प्राचीन वस्त्यांची टेकाडं शेतकऱ्यांनी अशीच खणून नेली, याचं पुरातत्त्ववाल्यांना आजही दुःख आहे. पण त्या मातीत राख, शेण, हाडं, माणसा-जनावरांचं मूत शेकडो वर्षं मुरलेलं असतं आणि जिवाणूंनी त्याचं नायट्रेट करून ठेवलेलं असतं. हे नायट्रेट तयार होणं ही जिवंत जिवांची करणी आहे, हे फ्रान्समध्ये १८७७ मध्ये कळलं.

चौथी वाट सगळ्यांत मोठी, ती गायरानाची. सकाळी गावातली गुरं आखरावर जमायची. गुराखी ती गायरानात घेऊन जायचा. संध्याकाळी धूळ उडवत गुरं गोठ्यात परत. सकाळी गोठ्यातलं शेण उकिरड्यावर, आणि उन्हाळ्यात उकिरडा बैलगाडीतून शेतावर. हे रोजचं दृश्य. पण हिशेब करून बघा. गाय चाऱ्यातून जेवढं नत्र खाते, त्यातलं तीन चतुर्थांशाहून जास्त शेण-मुतातून बाहेर टाकते. म्हणजे चार पायांची ही गाडी रोज गायरानातून नत्र, स्फुरद, पालाश भरून गावात आणत होती आणि तिथून ते काळीत जात होतं. लाल कंधारी आणि देवणी ही आपल्या भागाची दोन नावाजलेली गुरं. माळेगावच्या यात्रेत आपण त्यांची शिंगं, वशिंड, चाल बघतो. त्यांची दुसरी ओळख हीच, की गायरानाची सुपीकता गावात आणणारी ती जनावरं होती.

आता कुणी विचारेल, रोज देऊन देऊन गायरान कसं संपलं नाही? इथं गवताचं गुपित आहे.

आधी जंगल बघा, म्हणजे गवत कळेल. किनवट-माहूरच्या सागवानाला कुणी खत घालत नाही. उन्हाळ्याच्या तोंडावर पानं गळतात, जमिनीवर थर बसतो. वाळवी ती पानं वारुळात ओढून नेते आणि तिथं बुरशीची शेती करते. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी अळंबी ही त्याच बुरशीची. पाऊस आला की बाकीची पानं जिवाणू-बुरश्या कुजवतात आणि सागाच्या मुळांना चिकटून राहणारी बुरशी त्यातला स्फुरद झाडाला आणून देते. वरून पडलेलं पुन्हा वर जातं. जंगलाची पुंजी मोठ्या प्रमाणात खोडात, फांद्यांत आणि पाचोळ्यात असते, म्हणून डोळ्याला दिसते.

गवताची पुंजी जमिनीच्या आत असते. कुसळी, पवन्या, मारवेल ही आपल्या माळावरची गवतं. वर वीत-दोन वीत दिसतात, खाली मुळांचं जाळं दाट. दरसाल त्यातली बरीच मुळं मरतात, नवी येतात. मेलेल्या मुळांवर जिवाणू जगतात. जिवंत मुळं साखरेसारखी द्रव्यं मातीत सोडतात, त्यावर आणखी जिवाणू पोसतात. मुळांभोवतीचे काही जिवाणू हवेतलं नत्रही धरतात. मुळं आणि आम्लं मिळून खालचा पाषाण हळूहळू झिजवतात, त्यातून नवा पालाश, नवा स्फुरद निघतो. चरताना गुरांचं थोडं शेण तिथंच पडतं, ते शेणकिडे जमिनीत गाडतात. म्हणून पाऊस पडला की गायरान पुन्हा हिरवं व्हायचं. पेरणी नाही, मजुरी नाही. चैत्र-वैशाखात गायरानं भुंडी व्हायची, गुरांची हाडं निघायची, हेही खरं. तो काळ सोन्याचा नव्हता. पण यंत्रणा चालू होती.

आणि म्हणूनच गायरानाचा घात लवकर लक्षात येत नाही. जंगल तोडलं की बुंधे दिसतात, ओरड होते. गायरान नांगरलं तर डोळ्याला काहीच गेल्यासारखं दिसत नाही. उलट पहिली दोन-चार वर्षं पीक जोरात येतं. लोक म्हणतात, बघा, उगाच पडीक ठेवलं होतं. होतं काय, की नांगरानं माती उलटली, आत हवा शिरली, आणि शेकडो वर्षं मुळांनी साठवलेला सेंद्रिय कर्ब जिवाणूंनी भराभर खाऊन टाकला. त्यातून नत्र मोकळं झालं, ते पिकाला मिळालं. ती पिकं ठेव मोडून आलेली. ठेव संपली की गोणी लागते.

हे सगळं कुणाला कळलं नव्हतं असं नाही. १८८९ मध्ये इंग्रज सरकारनं जॉन ऑगस्टस व्होल्कर नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला इथली शेती बघायला पाठवलं. १८९३ च्या अहवालात त्यानं मांडलं, की इथल्या शेतकऱ्याला शेणाची किंमत कळत नाही म्हणून तो गोवऱ्या थापतो असं नाही. जळण मिळत नाही म्हणून थापतो. गावाजवळ जळणाची आणि चाऱ्याची राखीव रानं केली तर शेण शेतात जाईल. दुखणं शेतात असलं तरी औषध रानात आहे, हे त्यानं तेव्हा ओळखलं होतं.

त्यानंतरचं मोठं काम होळकरांच्या इंदूरला झालं. १९२४ मध्ये तिथं वनस्पती संशोधन संस्था निघाली. जमीन होळकर दरबारानं दिली आणि प्रमुख होते अल्बर्ट हॉवर्ड. माळव्याची माती आणि आपली माती एकाच काळ्या पाषाणाची लेकरं. हॉवर्ड यांच्याबरोबर काम करणारे यशवंत वाड. या दोघांच्या नावानं १९३१ मध्ये शेतातल्या टाकाऊ पदार्थांपासून खत करण्यावरचं पुस्तक ऑक्सफर्डच्या छापखान्यातून निघालं. काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुतानं भिजलेली माती आणि राख यांचे थर लावायचे, पाणी द्यायचं, ठरावीक दिवसांनी उलथायचं, आणि साधारण तीन महिन्यांत खत तयार. ही 'इंदूर पद्धत' जगभर गेली. आज सेंद्रिय शेतीचा इतिहास कुठल्याही देशात लिहिला तरी हॉवर्ड यांचं नाव येतं. वाडांचं नाव मात्र त्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच राहून गेलं. हॉवर्ड यांनी १९४० च्या पुस्तकात सुरुवातच जंगलापासून केली. त्यांचं म्हणणं असं, की जंगल स्वतःचं खत स्वतः करतं, शेतकऱ्यानं तिथं शिकायला जावं.

आपण तेव्हा निजामाच्या राज्यात. महसुली दप्तर उर्दूत आणि कायदा १३१७ फसलीचा, म्हणजे १९०७-०८ चा. दप्तरात गायरान वेगळं लिहिलेलं असायचं. पण ज्या जमिनीवर सारा नाही, ती सरकारच्या नजरेत 'बिनकामाची'. ही नजर इंग्रजांची तशी निजामाची, आणि नंतर आपल्याही सरकारची. १९४८ मध्ये निजामी गेली, १९५६ मध्ये आपण मुंबई राज्यात आलो, १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम २२ नं गावच्या गुरांच्या चराईसाठी जमीन राखून ठेवायची सोय केली. कागदावर गायरान राहिलं. नजर मात्र बदलली नाही. आजही सरकारी मोजणीत कुरणं आणि माळरानं बऱ्याचदा 'पडीक' किंवा 'वेस्टलँड' या खान्यातच बसतात.

मधल्या काळात जगात दुसरी गोष्ट घडली होती. १९०९ मध्ये जर्मनीत फ्रिट्झ हाबर यांनी हवेतलं नत्र पकडून अमोनिया करायची रीत काढली, १९१३ मध्ये कारखाना सुरू झाला. जिवाणूचं काम भट्टी करू लागली. १९५१ मध्ये सिंद्रीचा सरकारी कारखाना आला. १९६४ मध्ये संकरित ज्वारीचं सीएसएच-१ हे वाण आलं. १९७२ चा दुष्काळ आला, त्यात गुरं गेली. त्याच वर्षी १८ मे रोजी परभणीला कृषी विद्यापीठ स्थापन झालं. संकरित बियाण्यानं आणि खतानं लोकांची पोटं भरली, हे नाकारणं म्हणजे नाशुक्रेपणा होईल. मिलो खाऊन दिवस काढलेल्या पिढीला विचारा.

पण खताच्या गोणीबरोबर एक समज आली, की आता गायरानाची गरज नाही. मग एकेक दुवा सुटत गेला. नव्वदीनंतर सोयाबीन पसरलं. लातूरचा बाजार त्यावर उभा राहिला. ज्वारी घटली, म्हणजे कडबा घटला. कडबा नाही, गायरान नाही, मग गुरं कशावर सांभाळायची? ट्रॅक्टर आला, बैल गेले. बैल गेले, शेण गेलं. शेण गेलं म्हणून दोन गोण्या जास्त. त्यात सरकारी धोरणामुळं युरियाची ४५ किलोची गोणी २६६ रुपये ५० पैशांत, आणि डीएपी तेराशे-साडेतेराशेला. मग स्वस्त ते जास्त पडणारच. नुसत्या नत्रानं पीक हिरवं दिसतं, पण जिवाणूंना खायला कर्ब लागतो, तो गोणीत नसतो. २०१५ पासून मृद आरोग्य पत्रिका येतात. आपल्या भागातल्या पत्रिका काढून बघा. सेंद्रिय कर्ब कमी, नत्र कमी, जस्त कमी. ही वाक्यं वाचून वाचून पाठ झालीत.

आता अवघड भाग. गायरान गेलं कुठं? इथं सरळ 'अतिक्रमण' म्हणून हात झटकता येत नाहीत. गायरानावर ज्यांनी नांगर धरला त्यांत मोठा वर्ग भूमिहीन दलितांचा होता. ज्यांची गुरंच नव्हती, त्यांना गायरानाचा उपयोग काय? गायरानातलं शेण ज्याच्या काळीत जायचं, तो जमीनवाला. गुरं राखायला भूमिहीनाचं पोरगं आणि सुपीकता मात्र पाटलाच्या शेतात, असा तो हिशेब होता. म्हणून १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, लोक तुरुंगात गेले. १९९१ च्या शासन निर्णयात १४ एप्रिल १९९० पर्यंतची त्यांची अतिक्रमणं नियमित करायचं ठरलं. कित्येकांच्या हातात अजून सातबारा नाही. आणि त्याच काळात गावोगावच्या वजनदार मंडळींनी बांध सरकवत गायरानाचे लचके तोडले, त्यांची चर्चा कमी झाली.

जानेवारी २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जगपाल सिंह प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनी वाचवायला सांगितलं. त्यानंतर जुलैमध्ये महाराष्ट्र सरकारचा शासन निर्णय आला. ऑक्टोबर २०२२ मध्ये उच्च न्यायालयानं राज्यभरातल्या गायरानावरची अतिक्रमणं काढायला सांगितलं, तेव्हा दोन लाखांहून जास्त बांधकामांचा आकडा पुढं आला. गरिबांच्या घरांना नोटिसा गेल्या, मोर्चे निघाले. आणि आता तीच गायरानं सौर कृषी वाहिनी योजनेत वीज प्रकल्पांना भाड्यानं दिली जाताहेत. दिवसा वीज हवी, याबद्दल माझं दुमत नाही. रात्री साप-विंचवात दारं धरणाऱ्यांच्या बातम्या मीच लिहितो. पण कागद वाचला की तोच जुना शब्द दिसतो: जमीन 'उपलब्ध' आहे. म्हणजे रिकामी आहे.

रिकामी नाही, एवढंच मला या पोस्टमधून सांगायचं आहे. गायरान मुक्यानं काम करत होतं. त्याच्या कामाची मजुरी कुठल्या वहीत लिहिलेली नव्हती, म्हणून ते गेल्याचा खर्चही कुणी लिहिला नाही. तो खर्च आता प्रत्येक शेतकरी दर मृगाला खताच्या दुकानात मोजतो. आणि जास्त पाऊस आला की माती धरून ठेवणारा चिकटपणा, जो मुळं, बुरश्या आणि जिवाणू मिळून तयार करतात, तो उरलेला नसल्यानं वरचा थर सहज निघून जातो. 'खरडून गेली' या शब्दामागं एका रात्रीचा पाऊस तर आहेच, पन्नास-साठ वर्षांचा हा इतिहासही आहे.

मग करायचं काय? मी पत्रकार आहे, शास्त्रज्ञ नाही. तरी चार गोष्टी मांडतो, पटलं तर ग्रामसभेत बोला.

एक, आपल्या गावच्या गायरानाचा सातबारा काढा. किती होतं, किती उरलं, कुणाकडं किती गेलं, हे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागलं पाहिजे. भूमिहीनाचे दोन एकर आणि पुढाऱ्याचे वीस एकर एकाच 'अतिक्रमण' शब्दात घालू नका. जो कसून खातो आणि ज्याचा हक्क शासन निर्णयात मान्य आहे, त्याला आधी सातबारा द्या.

दोन, उरलेल्या गायरानाचे भाग पाडून आलटून-पालटून चराईबंदी करा. दोन पावसाळे विश्रांती मिळाली की गवत परत यायला लागतं. मारवेल, पवन्याचं बी टाकता येतं. उन्हाळ्यात गायरान पेटवणं बंद करा. जाळलं की गवतातलं नत्र धूर होऊन जातं, खाली राख उरते.

तीन, सौर प्रकल्पाला जमीन द्यायची वेळ आली तर आधी मुरमाड, खाणीनं उकरलेली जागा दाखवा. जिथं अजून गवत उभं राहतं ती शेवटी. आणि ठराव खुल्या ग्रामसभेत होऊ द्या. कपाटातल्या रजिस्टरात नको.

चार, आपापल्या शेताचं. सोयाबीनचं काड आणि तुरीची धसकटं पेटवू नका. नुसतं काड गाडलं तर पीक काही दिवस पिवळं पडतं, कारण काड कुजवायला जिवाणू आधी मातीतलंच नत्र वापरतात. म्हणून त्यात शेण मिसळा, वेळ द्या. परभणी विद्यापीठाचं बायोमिक्स, रायझोबियम, स्फुरद विरघळवणारे जिवाणू हे सगळं मिळतं, वापरा. पण पाकिटातल्या जिवाणूला मातीत खायला काही नसेल तर तो तरी काय करणार? कोल्हापूरचे शेतकरी प्रताप चिपळूणकर यांनी सूक्ष्मजीवशास्त्र वाचून नांगरटच सोडली आणि मागच्या पिकाची मुळं जमिनीत तशीच कुजू दिली. तो प्रयोग एकदा समजून घ्या. गवताच्या माळावर जे चालतं तेच ते आहे.

निजामाच्या दप्तरात आपल्या गावाचं गायरान किती होतं, हे घरातल्या जुन्या माणसांना आजही अंदाजानं सांगता येतं. कुठल्या ओढ्यापासून कुठल्या दर्ग्यापर्यंत, कुठल्या चिंचेपर्यंत. ती माणसं आहेत तोवर विचारून घ्या. कमेंटमध्ये गावाचं नाव, तेव्हाचं गायरान आणि आजचं गायरान, एवढं लिहा. नायगाव, बिलोली, मुखेड, कंधार, देगलूर, उदगीर, देवणी, जिथून कुठून वाचत असाल तिथलं. पुरेशी माहिती जमली तर गावनिहाय तक्ता करून इथंच टाकतो. पुढच्या ग्रामसभेत कुणी 'पडीक' म्हणालं, तर तो तक्ता समोर ठेवता येईल.